धंदा सुटला, आवड उरली का?

‘हौशी’ हा शब्द आपण दोन सुरांत उच्चारतो. कोणी पदरचे पैसे घालून परसात बाग फुलवली, तर ‘मोठा हौशी माणूस’ म्हणून आपण त्याचे कौतुक करतो; आणि कोणाचे काम कच्चे निघाले, तर ‘अगदीच हौशी काम’ म्हणून नाक मुरडतो. म्हणजे एकाच शब्दात प्रेमही आहे आणि कच्चेपणाही आहे. ‘धंदेवाईक’ ह्या शब्दाचे नेमके उलटे. त्यात कसब आहे, पण पैशाचा वासही आहे. मग जो मनुष्य वीस-पंचवीस वर्षे धंदेवाईक होता आणि आता धंदा सोडून तेच काम हौसेने करू पाहतो, त्याला काय म्हणावे? त्याच्या हातात कसब आहे, ह्याबद्दल शंका नाही. प्रेम शिल्लक आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे. छायाचित्रकाराच्या बाबतीत हा प्रश्न फार स्पष्ट दिसतो, कारण धंद्याला आणि छंदाला तो एकच यंत्र वापरतो. म्हणून त्याचेच उदाहरण घेऊन आपण थोडा विचार करू.

प्रथम धंद्याला न्याय देऊ या. आपल्या गावोगावच्या जुन्या फोटो स्टुडिओत रंगवलेला पडदा असे, एक नक्षीची खुर्ची असे आणि दोन मोठे दिवे असत. फोटो काढून झाला म्हणजे खरे काम सुरू होई. अंधारखोलीत लाल दिव्याखाली उभे राहायचे. नंतर काचेवर निगेटिव्ह धरून टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक ठिपके द्यायचे, म्हणजे चेहऱ्यावरचे वण आणि सुरकुत्या छापील फोटोत दिसेनाशा होत. डोळे बिघडवणारे ते काम होते. त्यावर कितीतरी कुटुंबे जगली, मुले शिकली. ज्या घरात आजोबांची एकुलती एक तसबीर भिंतीवर आहे, त्या घरावर अशा एखाद्या स्टुडिओवाल्याचे ऋण आहे. मोल घेऊन केले म्हणून ते काम हलके ठरत नाही.

मोल घेतल्याने आवड मरतेच, असेही नाही. लाला दीनदयाळ इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस होते. १८७४ च्या सुमारास ते कॅमेरा हाताळायला शिकले. पुढे नोकरी सुटली आणि छंद हाच धंदा झाला. ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार बनले. सिकंदराबादला आणि मुंबईला त्यांचे मोठे स्टुडिओ निघाले. ‘राजा’ हा किताब त्यांना मिळाला. राजवाडे, मिरवणुका, शिकारी, सरदार-दरकदार असे सारे त्यांनी पैसे घेऊनच टिपले. तरी ती चित्रे पाहताना हे प्रेमाविना झालेले काम आहे, असे कोणी म्हणणार नाही.

तर मग धंद्यात बिघडते काय? माझ्या मते बिघडते ते असे. मोल घेणाऱ्याला पाहण्यापूर्वीच ठाऊक असावे लागते की काय पाहायचे आहे. लग्नाच्या फोटोत वधूवर प्रसन्न हवेत, दागिने नीट दिसायला हवेत, मानाचे पाहुणे पुढच्या रांगेत हवेत. ह्यात गैर काही नाही. गिऱ्हाईकाने त्यासाठीच पैसे दिलेले असतात. पण वर्षानुवर्षे हेच करीत गेल्यावर डोळ्याला तसे वळण लागते. मांडवामागे भांडी घासून थकलेली आणि गुडघ्यावर हनुवटी टेकून गाणे ऐकत बसलेली बाई त्याला दिसत नाही, कारण अल्बममध्ये तिच्यासाठी पान नाही. अशा रीतीने नजर हळूहळू अरुंद होते. धंदा बंद केल्यावर गिऱ्हाईक दुकानातून जाते, पण डोळ्यातून लवकर जात नाही. म्हणूनच पुष्कळांचा कॅमेरा निवृत्तीनंतर कपाटात पडून राहतो. तो हातात घेतला की पहिला प्रश्न मनात येतो, “हे कोणाला हवे आहे?” आणि “कोणालाच नाही” असे उत्तर आले की हात खाली येतो.

ह्या प्रश्नातून जे बाहेर पडले, अशा दोघांचा विचार करू.

सॉल लायटर हा अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी १९२३ साली जन्मला. त्याचे वडील विद्वान यहुदी रब्बी होते आणि मुलानेही धर्मशास्त्रच शिकावे, अशी त्यांची इच्छा होती. मुलगा १९४६ साली ते शिक्षण अर्धवट सोडून चित्रकार होण्यासाठी न्यूयॉर्कला गेला. तेथे कॅमेरा हाती आला आणि १९४८ पासून तो रंगीत छायाचित्रे काढू लागला. पोटासाठी त्याने सुमारे वीस वर्षे मोठमोठ्या मासिकांकरिता कपड्यांच्या फॅशनची छायाचित्रे काढली. १९८१ साली त्याने आपला स्टुडिओ बंद केला. परंतु घराभोवतालच्या रस्त्यांतून फिरत चित्रे टिपण्याचा त्याचा क्रम धंद्यापूर्वीही होता, धंद्यात असतानाही होता आणि नंतरही राहिला. पावसाने ओघळलेली दुकानाची काच, बर्फात एकच तांबडी छत्री, कोणाची तरी पाठमोरी टोपी, असे त्याचे विषय. ही चित्रे दशकानुदशके खोक्यांत पडून होती. २००६ साली त्यांचे पुस्तक निघाले, तेव्हा तो ८२ वर्षांचा होता. ह्यातून घेण्यासारखी गोष्ट प्रसिद्धीची नव्हे. प्रसिद्धी फार उशिरा आली, न येतीही. घेण्यासारखे हे की, धंद्याच्या ऐन दिवसांतही त्याने मनाची एक खोली भाड्याने दिली नव्हती. म्हणून धंदा सुटला तेव्हा त्याला परत जायला घर होते.

दुसरा योसेफ सुदेक, प्राग शहरचा. पहिल्या महायुद्धात जखम होऊन त्याचा उजवा हात गेला. हा बुकबाइंडिंग शिकलेला मनुष्य; एका हाताने तो धंदा कसा करणार? तो छायाचित्रणाकडे वळला, १९२७ साली एका अंगणातील लाकडी खोपटात त्याने स्टुडिओ थाटला, आणि एका प्रकाशनसंस्थेसाठी माणसांची व जाहिरातीची चित्रे काढून तो आपले पोट भरू लागला. १९३९ मध्ये जर्मन फौजा शहरात शिरल्या. त्यानंतर १९४० ते १९५४ ह्या काळात त्याने आपल्या खोपटाच्या खिडकीची चित्रे पुनःपुन्हा काढली. काचेवर कधी दव आहे, कधी हिम आहे. पलीकडे अंगणातले वाकडे झाड. अलीकडे पाण्याचा पेला. पूर्वी काचेची भांडी तो जाहिरातीसाठी टिपत असे. आता पाण्याचा पेला त्याने पेल्यासाठीच टिपला. प्रकाशाला वळण देण्याचे जे कसब धंद्याने शिकवले, तेच येथे कामी आले. धंद्याचे हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

येथे कोणी म्हणेल, “हे सारे ठीक आहे, पण ज्याच्या घराचे हप्ते फिटायचे आहेत, मुलीचे शिक्षण व्हायचे आहे, त्याने काय करावे?” हा आक्षेप खरा आहे. घरच्यांच्या तोंडचा घास काढून स्वतःची हौस भागवणे हा सद्गुण नव्हे. धंदा सोडा असा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही. लायटरच्या उदाहरणावरून एवढेच म्हणता येते की, दिवसातला अर्धा तास तरी विकू नये.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. जे कोणी मागितले नाही, ते करणे हा स्वार्थ नव्हे काय? मला वाटते, उत्तर ह्यावर अवलंबून आहे की आपण पाहतो कशाकडे. गिऱ्हाईक पैसे देऊन आपल्याकडे पाहायला लावते. पण जगात पुष्कळ माणसे व वस्तू अशा आहेत की, ज्यांच्याजवळ द्यायला मोल नाही आणि म्हणून त्यांच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. ती मांडवामागची बाई त्यांपैकीच आहे. ज्याला आता कोणाच्या मर्जीची गरज नाही, त्याने तिच्याकडे पाहावे. असे पाहणे हे एक प्रकारचे आदराचे कृत्य आहे.

पण येथेच मोठी जबाबदारीही येते. गिऱ्हाईकाला ‘हा फोटो नको’ म्हणण्याचा हक्क होता. त्या बाईला तसा हक्क कोणी दिला? होमाई व्यारावाला ह्या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याच्या काळातील कितीतरी प्रसंग त्यांच्या कॅमेऱ्याने जपले. १९७० साली त्यांनी हा व्यवसाय सोडला. नव्या छायाचित्रकारांची धसमुसळी वागणूक त्यांना मानवली नाही. उत्तरायुष्य त्यांनी बडोद्यास काढले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ मध्ये त्या वारल्या. धंदा सोडल्यावर त्या पुन्हा कॅमेऱ्याकडे वळल्या नाहीत, तरी त्यांच्या आयुष्यात काही उणे राहिले असे दिसत नाही. समोरच्या माणसाचा मान राहत नसेल, तर कॅमेरा खाली ठेवणे हेही आपल्या कामावरचे प्रेमच आहे.

शेवटी एका धोक्याची सूचना. गिऱ्हाईक गेले तरी त्याच्या जागी दुसरा धनी येऊन बसतो. तो म्हणजे वाहवा. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. चित्र काढले की लगेच दहा जणांना धाडायचे आणि कोणी अंगठा दाखवला का, हे पाहत बसायचे. पैशाची चाकरी सोडून ही चाकरी पत्करली, तर काय मिळवले? जुना धनी निदान कामाचे दाम तरी देत होता. आणि फुकट काम म्हणजे ढिसाळ काम, हीही समजूत खोटी आहे. आपल्या शब्बाथशाळेच्या शिक्षकांना हे सांगायला नको. पगार नाही म्हणून जो धडा तयार न करता येतो, त्याला मुले पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात.

तेव्हा ज्यांचा कॅमेरा कपाटात आहे, त्यांनी तो काढावा, पुसावा आणि आठवड्यातून एक सकाळ घराजवळच्याच एखाद्या गोष्टीला द्यावी. नळावरची रांग असो, शेजाऱ्याचा ओटा असो, स्वतःचीच खिडकी असो. माणूस असेल तर आधी त्याला विचारावे, आणि एक प्रत त्याच्या हाती द्यावी. काढलेले चित्र महिनाभर कोणालाही दाखवू नये. महिन्यानंतरही ते स्वतःला पाहावेसे वाटले, तर आवड उरली आहे असे समजण्यास हरकत नाही.