दोन फुटके टोमॅटो

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला ॲपवरून किलोभर टोमॅटो मागवले. आमच्या मुलुंडमध्ये हल्ली भाजी दहा-पंधरा मिनिटांत दारात येते. पिशवीतले दोन टोमॅटो फुटलेले निघाले. मी फोटो काढला, ‘खराब माल’ निवडलं आणि मिनिटभरात त्यांचे पैसे परत आले. सोबत निरोप : वस्तू परत करायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी आईने तेच दोन टोमॅटो उचलले, फुटलेला भाग काढून टाकला आणि बाकीच्याचं सार केलं. मी दोन वाट्या प्यायले. मग डोक्यात आलं, जे खराब म्हणून पैसे परत घेतले, तेच मी चवीने संपवलं. मी खोटं बोलले का?

फोटो खरा होता. खोटा होता तो ‘खराब’ हा शब्द. पण ॲपमध्ये दोनच खाती आहेत : चांगला माल आणि खराब माल. आईकडे अशी चार-पाच खाती असतात. कडक टोमॅटो कोशिंबिरीचा, जरा नरमला की भाजीचा, अगदीच मऊ पडला की साराचा. कचऱ्याचा डबा सगळ्यात शेवटी.

स्टेशनबाहेर बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींचंही असंच. सकाळी त्या टोमॅटो किलोने विकतात. संध्याकाळी उरलेल्या मऊ टोमॅटोंचे वाटे लावतात. “घे गं, दहाला वाटा. पण आज रात्रीच कर, उद्यापर्यंत नाही टिकायचा.” मालात खोट आहे हे त्या स्वतःच सांगतात, आणि भाव त्या खोटीप्रमाणे लावतात. कुणी फसत नाही आणि टोमॅटोही वाया जात नाही.

याला फार गोड रंग द्यायला नको. वाटा घेणारी बाई बहुतेकदा पर्यावरण वाचवायला घेत नसते; तिला किलोचा भाव परवडत नसतो. आणि वाट्यातही जे खपत नाही, त्याचा तोटा मावशींचाच. त्यांना रिफंड देणारं कुणी नाही.

शेतकऱ्यालाही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. वाहतूक, हमाली, तोलाई वजा होऊन त्याच्या हाती २ रुपयांचा चेक आला. त्याच उन्हाळ्यात नाशिककडे भाव पडले म्हणून टोमॅटो रस्त्यावर ओतले गेले, आणि जुलैत मुंबईत टोमॅटो शंभरीपार गेला. ओतलेल्या त्या टोमॅटोत खराब काहीच नव्हतं. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडं भावापेक्षा जास्त झालं, एवढंच. पिकवणाऱ्यालाच ते टाकायला लागलं, त्याला निष्काळजी कसं म्हणायचं?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली अहवाल काढला. त्यानुसार २०२२ मध्ये जगभरातली घरं, हॉटेलं आणि दुकानं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घरांतून. हा आकडा वाचला की आपण आपल्या ताटाकडे बघतो, आणि बघायलाच हवं. पण शेतात सडलेला माल या हिशोबात धरलेलाच नाही. अन्न जिथे फेकलं जातं ती जागा मोजता येते. ते फेकण्याजोगं कुणी ठरवलं, हे त्या आकड्यात येत नाही.

मला वाटतं, खरा प्रश्न तिथे आहे. लहानपणी आपल्याला ‘ताटात टाकू नको’ एवढंच शिकवलं, कारण तेव्हा टाकणं डोळ्यांसमोर व्हायचं. आता मी एक बटण दाबते आणि चांगलं अन्न ‘खराब’ होतं. तेवढ्यासाठी मला ताट लागत नाही, कचऱ्याचा डबाही लागत नाही. वर मलाच पैसे मिळतात. ते कुणाच्या खात्यातून गेले, तो माणूस मला दिसत नाही, म्हणून अपराधीही वाटत नाही. शेतमालाचा भाव माझ्या हातात नाही. पण ‘फुटलेला’ आणि ‘खराब’ यांतला फरक माझ्या हातात आहे, आणि तो मी थोड्या रुपयांसाठी सोडून दिला.

ते पैसे परत करायचं बटण मला ॲपमध्ये सापडलं नाही. शनिवारी स्टेशनबाहेर मावशींकडून वाटा घेतला.

“रात्रीच करशील ना?” त्यांनी विचारलं.

“करते,” म्हटलं.

घरी पोचायला नऊ वाजले होते, कंटाळा आला होता. पण शब्द दिला होता. सार केलं.