नाणेघाटात, अक्षरांपाशी

इतिहासवेडा माणूस प्रवासाला निघाला की त्याला घाई सुटते. एका दिवसात दोन किल्ले, एक लेणे, जमलेच तर वाटेवरचे एखादे जुने देऊळ. आज ती घाई बाजूला ठेवू. एकाच ठिकाणी जाऊ आणि तिथे बसू. ठिकाण नाणेघाट. कल्याण-मुरबाडकडून आलेली वाट वैशाखऱ्याजवळून डोंगरात शिरते आणि वर जुन्नर तालुक्यात, घाटघरच्या पठारावर निघते. तुम्ही हे घरी बसून वाचत असाल तरी हरकत नाही. पाठ टेकवा, खांदे सैल सोडा, श्वास आपोआप संथ होऊ द्या.

आधी नुसते चाला. खाली झाडी आहे, सावली आहे. मग झाडी विरळ होते, चढ अंगावर येतो आणि पायाखाली दगड लागतात. वर जाऊ तशा कातळात खोदलेल्या पायऱ्या येतात. त्यातल्या एकीवर थांबा. तिच्याकडे नीट पाहा. मधला भाग घासून गुळगुळीत झालेला, कडेला मात्र दगड अजून खरबरीत. पाऊल सगळ्यांचे मधेच पडते, तुमचेही तिथेच पडले. तिच्यावर तळहात टेकवा. ऊन असेल तर दगड तापलेला असेल, सकाळ असेल तर गार. एवढेच जाणवू द्या. कोण गेले, कधी गेले, हा प्रश्न अजून मनात आणू नका.

आता तो प्रश्न येऊ द्या. सोपारा आणि कल्याण ही पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे. तिथे उतरलेला माल देशावर न्यायचा तर सह्याद्री ओलांडायला हवा. ही वाट त्यासाठीच. वर जुन्नर, आणि तिथून पुढे सातवाहनांची राजधानी पैठण. बैलाच्या पाठीवरची गोणी डोळ्यांसमोर आणा. बैलाचे धापा टाकणे ऐका. हाकणाऱ्याच्या पोटरीत आलेला गोळा तुमच्या पोटरीत आलाच आहे, त्याची वेगळी कल्पना करायला नको. मला वाटते, इतिहासाच्या अभ्यासात चढणीचा दम हाही एक पुरावा आहे. या माथ्यावरच्या जुन्नरला इतके महत्त्व का आले हे नकाशा पाहून कळते, पण पटते ते इथे.

घाटमाथ्याच्या थोडे अलीकडे गुहा लागते. आत या. बाहेर वारा आहे, आत तो एकदम पडतो. जवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. म्हणजे ही थांबण्याची जागा. घाम पुसायचा, पाणी प्यायचे, ओझे उतरवायचे. आधी तेच करा. बसा. डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही पाहायचा प्रयत्न करू नका.

हळूहळू डाव्या-उजव्या भिंतींवर ओळी दिसू लागतील. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. पुष्कळ भाग झिजला आहे, कातळाचे पोपडे निघाले आहेत, मधेच अक्षरे तुटली आहेत. एकच अक्षर निवडा आणि त्याच्यावर नजर ठेवा. छिन्नीचा घाव कुठे सुरू झाला, कुठे वळला, ते पाहा. हे अक्षर इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातले असावे. काही अभ्यासक ते आणखी मागे नेतात. पुढे ही लिपी वाचता येणारा माणूसच उरला नाही. वाट मात्र चालू राहिली. शतकानुशतके माणसे इथे विसाव्याला बसली, भिंतीकडे पाहत राहिली आणि उठून गेली. 1828 साली कर्नल साइक्स इथे आला तेव्हाही अक्षरे मुकीच होती. जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा पूर्ण केला तो 1837 मध्ये. त्यानंतर भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांच्यासारख्या विद्वानांनी या लेखावर वर्षे घातली, तेव्हा भिंत बोलू लागली.

त्या न वाचणाऱ्या वाटसरूंमध्ये थोडा वेळ बसून राहा. तुम्हालाही बहुधा ब्राह्मी वाचता येत नसेल. त्याने ओशाळायचे कारण नाही. काहीतरी महत्त्वाचे लिहिले आहे आणि ते आपल्याला अजून कळलेले नाही, हे जाणून शांत बसणे इतिहासप्रेमी माणसाला जमायला हवे. मोबाइलवर अर्थ शोधायची घाई जरा पुढे ढकला.

आता अर्थ ऐका. लेखाच्या सुरुवातीला देवांना नमन आहे: धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र आणि सूर्य, आणि चार लोकपाल. मग एक राणी येते, नागनिका. सातकर्णी राजाची पत्नी, एका महारठी सरदाराची मुलगी, वेदिश्रीची आई. पती गेल्यावरचा तिचा उल्लेख घरात राहून तप करणारी, महिनाभराचे उपवास करणारी, व्रतस्थ स्त्री असा आहे. त्यापाठोपाठ यज्ञांची यादी सुरू होते. अश्वमेध, राजसूय आणि आणखी कितीतरी. प्रत्येक यज्ञात दिलेली दक्षिणा आकड्यांत. गाई, घोडे, हत्ती, गाव, कार्षापण नाणी. एके ठिकाणी 24,400 कार्षापण, एके ठिकाणी 6,001.

या आकड्यांपाशी सावकाश थांबा. भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या मोठ्या नमुन्यांपैकी हा एक. शून्य अजून नाही. शंभराचे चिन्ह वेगळे, हजाराचे वेगळे. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडायचे. कारागिराने एकेक चिन्ह कातळात कसे उतरवले असेल, याचा विचार करा. त्याला ही गणती समजत होती का? की दुसऱ्याने आखून दिलेले तो फक्त खोदत होता? हातोडीचा आवाज या खोलीत किती घुमला असेल, दगडाची धूळ त्याच्या पापण्यांवर कशी बसली असेल. राणीचे नाव त्यानेच आपल्यापर्यंत पोचवले. त्याचे स्वतःचे नाव इथे कुठेही नाही.

मान वर करून मागच्या भिंतीकडे पाहा. तिथे ओळीने मूर्ती होत्या. वर प्रत्येकाचे नाव कोरलेले: राजा सिमुक सातवाहन, राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, एक महारठी, काही राजकुमार. घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती नावांसह एकत्र मांडल्या आहेत, असे उदाहरण भारतात इतके जुने क्वचितच सापडते. त्या मूर्ती आज नाहीत. नावे आहेत, खाली रिकामा कातळ आहे. त्या रिकाम्या जागेकडे बघत राहा. मनाने चेहरे भरू नका. नागनिकेचे नाक-डोळे कसे होते ते आपल्याला माहीत नाही, आणि न कळलेली जागा तशीच मोकळी ठेवण्यात तिचा मान आहे असे मला मनापासून वाटते. सिनेमातली राणी इथे आणून बसवू नका.

आता मघाची पायरी आठवा. इथे नावे राहिली आणि देह गेले. तिथे असंख्य देहांचा भार दगडावर राहिला आणि नाव एकाचेही नाही. श्वास आत घेताना नागनिका म्हणा. सोडताना त्या बैल हाकणाऱ्याला आठवा, ज्याला नाव देता येत नाही. काही वेळ हेच चालू द्या. राजघराण्याने आपला लेख राजवाड्यात न कोरता वाटेवरच्या विसाव्यात कोरला, म्हणजे रोजचे येणारे-जाणारे हेच त्याचे पहिले प्रेक्षक होते. दोघे एकाच खोलीत होते, हे विसरायला नको.

उठा. कातळ फोडून केलेल्या अरुंद खिंडीतून माथ्यावर या. दगडी रांजण दिसेल. यात जकातीची नाणी टाकत, असे पिढ्यान् पिढ्या सांगतात. मागे वळून कोकणाकडे एकदा नजर टाका. बाजूला जीवधन आणि त्याला लागून उभा वानरलिंगीचा सुळका. पुढे चावंड, हडसर, शिवनेरी. ही वाट राखणारे किल्ले एकामागून एक जुन्नरपर्यंत जातात.

जमले तर त्याच दिवशी जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला जाऊ नका, दुसऱ्या दिवशी जा. गिरिजात्मजाचे दर्शन झाल्यावर शेजारच्या चैत्यगृहात शिरा. ते कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिलेले, असा तिथला लेख आहे. कल्याणचा माणूस, जुन्नरला दान. तोही बहुधा हाच घाट चढून आला असेल. जुन्नरच्या इतर लेण्यांत धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीचे दान आहे, यवनांची दाने आहेत. नाणेघाटात बसून आलात तर हे लेख तुम्हाला तुटक वाटणार नाहीत. ही सगळी त्या चढणीवरचीच माणसे.

एक विनंती. पावसाळ्यात शनिवार-रविवारी नाणेघाटात पाय ठेवायला जागा नसते. हिवाळ्यात, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. सोबत पाणी न्या, कचरा परत आणा. गुहेत लेखाच्या भिंतीला हात लावू नका, पाठ टेकू नका, अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांवर खडू किंवा पाणी फिरवू नका. कुणी त्या कातळावर आपले नाव खरवडताना दिसला तर गप्प बसू नका, त्याला थांबवा. ती अक्षरे दर पावसाळ्यात थोडी थोडी झिजत आहेतच, आपल्या हातून त्यात भर पडायला नको.