थोरला मेमकॉपी, धाकटा मेममूव्ह

सी भाषेच्या दरबारी दोन नकलनवीस भाऊ आहेत. थोरला मेमकॉपी, धाकटा मेममूव्ह. मेमरीतल्या एका ओळीच्या पाट्यांवर जे लिहिलंय ते दुसऱ्या ओळीच्या पाट्यांवर उतरवायचं, एवढंच दोघांचं काम. थोरल्याच्या वेगाचं सगळ्यांना कौतुक. धाकट्याला लोक शंकेखोर म्हणतात.

1989 साली सी भाषेचं प्रमाणीकरण झालं, तेव्हा दोघांची कलमं लिहिली गेली. थोरल्याच्या कलमात अट आहे : मूळ जागा आणि नकलेची जागा एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात. असल्या, तर पुढे जे होईल त्याची हमी कोणीच देत नाही. धाकट्याला अशी अट नाही. सगळा मजकूर आधी वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावा आणि मग तिथून लिहावा, तर जी नक्कल होईल तीच त्याच्या हातून व्हायला हवी.

त्यांच्याकडे फ्लॅश प्लेअर नावाचा, ब्राउझरमध्ये व्हिडिओ आणि आवाज वाजवणारा एक तरुण कामं घेऊन येई. आवाजाचे तुकडे वाजवून झाले की उरलेले तो ओळीत अलीकडे सरकवून घेई, आणि हे काम सांगे थोरल्याला. एकदा धाकट्याने त्याला हटकलं.

"अरे, तुझ्या दोन्ही जागा एकमेकींवर चढल्यात. हे काम माझं आहे."

"थोरले दादा रोज करून देतात की! एकदाही चुकले नाहीत."

"ते डावीकडून सुरुवात करतात म्हणून. उद्या उजवीकडून केली तर?"

"ते कशाला असं करतील?"

"आणि का करू नये? डावीकडूनच करावी, असं त्यांच्या कलमात कुठे लिहिलंय?"

धाकट्याने पाच पाट्या मांडल्या : क, ख, ग, घ, ङ. दुसरीपासून पाचवीपर्यंतची अक्षरं एकेक घर अलीकडे न्यायची. डावीकडून सुरुवात केली, तर पहिलीवर ख, दुसरीवर ग, असं होत ख, ग, घ, ङ नीट उतरतात. मग त्याने पाट्या पुसून पुन्हा पहिल्यासारख्या लिहिल्या आणि उजवीकडून सुरुवात केली. चौथीवर पाचवीचा ङ आला, म्हणजे घ गेला. तिसरीवर चौथीचं अक्षर लिहायचं, तर तिथे आता ङच. शेवटी पाचही पाट्यांवर ङ.

"पलीकडे सरकवायचं असेल तर नेमकं उलट," धाकटा म्हणाला. "तिथे डावीकडून गेलास की मजकूर बुडाला. म्हणून मी हात घालण्याआधी बघतो, कोणती जागा पुढे आहे. माझा संथपणा म्हणतात तो एवढाच."

त्या संथपणाची किंमत बहुतेक वेळा दोन पत्त्यांची एक तुलना. प्रोसेसरला ती जाणवतही नाही. पण फ्लॅश हसला आणि थोरल्याकडेच गेला. चालतंय ना, मग झालं! हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं, संगणकाच्या जगात तर फारच.

2010 साली फेडोरा 14 ही लिनक्सची आवृत्ती आली. तिच्यातल्या जीलिबसी या पायाभूत लायब्ररीत थोरल्याला काही इंटेल प्रोसेसरांसाठी नवी, वेगवान पद्धत शिकवली होती. त्या पद्धतीत तो काही वेळा ओळीच्या शेवटाकडून मागे येत लिहू लागला. एकही कलम त्याने मोडलं नाही. फ्लॅशच्या 64 बिटी आवृत्तीतून मात्र चिरका, फाटका आवाज येऊ लागला.

लोकांनी नव्या फेडोराला बोल लावला. लायब्ररीच्या बाजूने उत्तर आलं, की कलम वाचा, चूक फ्लॅशची आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः तपासात उतरले. व्हॅलग्राइंड या तपासनीस साधनाने जागा एकमेकींवर चढल्याचं स्पष्ट दाखवलं. दोषी कोण, यावर टोरवाल्ड्स यांचं दुमत नव्हतं. त्यांचा प्रश्न वेगळा होता : व्हिडिओ बघत बसलेल्या माणसाला कलमाशी काय देणंघेणं? काल चालत होतं ते आज बिघडलं, एवढंच त्याला दिसतं. थोडक्यात सावरता येत असेल, तर लायब्ररीने सावरावं.

मला दोन्ही बाजू पटतात, पण सारख्या नाहीत. फ्लॅशला अट ठाऊक असायला हवी होती. ती 21 वर्षं कलमात लिहिलेली होती. तरीही ज्याच्या हातात दुरुस्ती आहे, त्याने केवळ कलमाकडे बोट दाखवून थांबणं मला कोतेपणाचं वाटतं.

2011 साली जीलिबसी 2.14 आली आणि तिच्यात तोडगा निघाला. त्याआधी बांधलेला 64 बिटी प्रोग्राम आजही मेमकॉपीला हाक मारतो, तेव्हा नाव थोरल्याचं असतं आणि काम धाकट्याच्या रीतीने होतं. त्यानंतर बांधलेल्या प्रोग्रामांना ही सवलत नाही. त्यांच्या हाकेला थोरलाच येतो, त्याच्या अटीसकट.