शिशाच्या शिपायांचे ऋण

माणसाच्या छंदावरून त्याच्या स्वभावाची पारख होते असे म्हणतात. परंतु काही छंद असे असतात की, त्यांचा विचार करू लागले म्हणजे एका माणसाच्याच नव्हे, तर सबंध सुसंस्कृत समाजाच्या मनातील एक विसंगती दृष्टीस पडते. इंग्लंड, जर्मनी, अमेरिका इत्यादी देशांत वयाने प्रौढ, शिक्षणाने सुसंपन्न आणि वृत्तीने बहुधा शांतताप्रिय अशी अनेक माणसे रात्रीचे जेवण आटोपल्यावर दिव्याखाली बसून इंच-सव्वा इंच उंचीचे शिपाई रंगवीत असतात. पलटणीमागून पलटण अशी सिद्ध झाली म्हणजे ती मेजावर मांडून, मोजपट्टी व फासे हाती घेऊन, वॉटर्लूची किंवा दुसरी एखादी इतिहासप्रसिद्ध लढाई ते पुनः लढतात. ज्या प्रसंगी हजारो जिवांचा चेंदामेंदा झाला, त्या प्रसंगाची अशी सुंदर, रंगीत करमणूक करणे योग्य आहे काय, हा ह्या लेखाचा प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो, पण तो खेळण्यांपुरता नाही.

प्रथम ह्या कामाचे स्वरूप पाहू. शिपायाची आकृती शिसे-कथिलाच्या मिश्रधातूची अथवा प्लास्टिकची असते आणि ती हाती येते तेव्हा उघडी व करड्या रंगाची असते. तिच्यावरील ओतकामाचे कंगोरे कानशीने घासून काढावे लागतात. मग अस्तराचा हात, त्यावर डगल्याचा रंग, त्यावर पट्टे, गुंड्या व बंदूक. पुढे काळसर रंग पाण्यासारखा पातळ करून सर्वांगावर सोडतात. तो चुण्यांत जाऊन बसतो आणि सावली आपोआप उमटते. मग जवळजवळ कोरडा झालेला कुंचला उंचवट्यांवरून फिरविला म्हणजे तेथे उजेड पडल्यासारखा दिसतो. शेवटी चेहरा. डोळ्यांच्या जागी केसाएवढ्या कुंचल्याने दोन टिंबे द्यावयाची, आणि श्वास रोखून द्यावयाची. एका शिपायास एक तास लागला असे धरले, तर दोनशे शिपायांचे लहानसे सैन्य रोज दोन तासांप्रमाणे शंभर रात्री घेते.

ह्या छंदावर पहिला आक्षेप असा की, तो युद्धाची गोडी लावतो. एच. जी. वेल्स ह्या विख्यात इंग्रज ग्रंथकाराने १९१३ साली 'लिट्ल वॉर्स' नावाचे पुस्तक लिहून अशा खेळाचे नियम सांगितले, आणि खऱ्या युद्धाच्या मूर्खपणापेक्षा हे चिमुकले युद्ध किती बरे, असा त्याचा समारोप केला. पुढल्याच वर्षी महायुद्ध पेटले. आणि तेच वेल्स त्या महायुद्धाचे समर्थन करू लागले. ह्यावरून काही लोक खेळास दोष देतील. परंतु युरोपातील राजकारण्यांनी जे केले, ते शिशाचे शिपाई नसते तर केले नसते, असे कोणीही विचारी मनुष्य म्हणणार नाही. इतकेच म्हणता येईल की, खेळाने युद्ध टळत नाही. उलट, दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात ह्या छंदाचा प्रसार करणाऱ्यांत डोनाल्ड फेदरस्टोन व ब्रिगेडियर पीटर यंग हे दोघे प्रमुख होते, आणि दोघांनीही रणांगण प्रत्यक्ष पाहिलेले होते. तेव्हा युद्धाचे अज्ञान हेच ह्या खेळाचे मूळ, असेही म्हणवत नाही.

मग युद्धाच्या उपयोगी पडणारा खेळ कोणताच नाही काय? आहे, आणि त्याची गोष्ट फार बोधप्रद आहे. प्रशियात राइस्विट्झ नावाच्या सरदाराने १८१२ च्या सुमारास राजासाठी एक युद्धखेळ रचला. त्याच्या मुलाने, जो स्वतः लष्करी अधिकारी होता, त्याचे सुधारलेले नियम १८२४ साली प्रसिद्ध केले. सेनाधिकाऱ्यांनी तो पाहिला आणि आपल्या पलटणींत शिक्षणासाठी त्याचा स्वीकार केला. ह्या खेळात शिपाई नव्हते. होते ते नकाशावर सरकवावयाचे लांबट ठोकळे, काही तांबडे, काही निळे. आमच्या मते सर्व वादाचे मर्म ह्या ठोकळ्यांत आहे. ज्यांना खरोखरच युद्ध करावयाचे असते, त्यांना शिपायाच्या चेहऱ्याची गरज लागत नाही. किंबहुना चेहरा असला तर तो त्यांच्या कामात व्यत्ययच आणील. पलटण किती लांब, किती वेगाने चालणारी, तिच्यातील किती माणसे पडली तर ती मागे हटेल, एवढे कळले की काम भागते. ह्याच्या उलट दिव्याखाली बसलेला आमचा छंदी गृहस्थ ज्या गोष्टीवर सर्वाधिक वेळ खर्च करतो, तिचा विजयाशी काडीइतकाही संबंध नसतो. सुरेख रंगविलेल्या शिपायास फाशांत एकही दान अधिक पडत नाही. हा जो निरुपयोगी वेळ, त्यातच ह्या छंदाचे नैतिक मूल्य असले तर आहे.

कारण त्या वेळात एक विलक्षण गोष्ट घडते. जो मनुष्य दोन्ही सैन्ये स्वतः तयार करतो, त्याला शत्रू उरत नाही. ब्रिटिश शिपायाच्या तांबड्या डगल्यास जितकी निगा, तितकीच फ्रेंच शिपायाच्या निळ्या डगल्यास. देशाभिमानाने लिहिलेले इतिहास आपल्या बाजूच्या माणसांस नावे देतात आणि पलीकडच्यांस आकडे देतात. कुंचल्यास असा पक्षपात सहसा करता येत नाही. शिवाय हातास लागलेली सवय संख्येचा अर्थ शिकविते. वॉटर्लूच्या रणात १८ जून १८१५ ह्या एका दिवशी चाळीस हजारांहून अधिक माणसे ठार किंवा जखमी झाली, हे वाक्य आपण शाळेत वाचतो आणि पुढचे पान उलटतो. पण एका शिपायास एक तास आणि रोज दोन तास काम, ह्या हिशेबाने त्यांतील चाळीस हजारच रंगवावयाचे म्हटले, तरी एकही रात्र न चुकविता ५४ वर्षांहून अधिक काळ लागेल. एका दिवसात जे मोडले, ते नुसते रंगविण्यास एक आयुष्य पुरत नाही. हा हिशेब ज्याच्या बोटांना कळला, तो 'किरकोळ हानी' हे शब्द सहजासहजी उच्चारणार नाही.

इतके मान्य केल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. नाहीतर आम्ही छंदाची वकिली केली असे होईल. डगल्याकडे लक्ष देणे म्हणजे डगल्यातील माणसाकडे लक्ष देणे नव्हे. मेजावरचा शिपाई मरतो म्हणजे काय होते? दोन बोटांनी त्यास उचलून पेटीत ठेवतात. त्याचा रंगही उडत नाही. पाणी मागणारा जखमी तेथे नसतो, रात्री मैदानात राहिलेली प्रेते नसतात, जळलेले शेत असले तरी त्या शेताचा धनी नसतो. आपल्या मराठी बखरींत ज्यांना 'बाजारबुणगे' म्हणून एका शब्दात झटकून टाकले आहे, ती लष्करामागून चालणारी बायका-मुले, हमाल, पखालवाले, त्यांना ह्या मेजावर क्वचितच जागा मिळते. कारण उघड आहे. त्यांना फासे टाकता येत नाहीत.

आणि ज्यांना जागा मिळते, त्यांतही समता असतेच असे नाही. आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेल्स्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, ह्याची शिंदे व भोसले ह्यांच्या सैन्याशी घनघोर लढाई झाली. ही लढाई मेजावर मांडणाऱ्यास ७८ व्या हायलंडर पलटणीच्या कॉलरीचा व बाह्यांच्या कडांचा रंग कोणता, हे ताबडतोब सांगता येते: फिकट बदामी; पलटणीच्या नावातच त्या रंगाचा उल्लेख आहे. पण शिंद्यांच्या कंपूंतील जे गोलंदाज आपल्या तोफा न सोडता तोफांपाशीच कापले गेले, आणि ज्यांच्या ह्या निष्ठेची साक्ष खुद्द इंग्रजांच्याच लेखांत आहे, त्यांच्या अंगावर त्या दिवशी कोणत्या रंगाचे वस्त्र होते, हे इतक्या निश्चयाने सांगता येत नाही. रंगविणारा अंदाज करतो, कुंचला बुडवितो व पुढे जातो. ज्यांची दप्तरे टिकली त्यांच्या गुंड्या देखील अमर होतात. ज्यांची टिकली नाहीत त्यांची छाती देखील अंदाजाने रंगवावी लागते. कुंचला निःपक्षपाती असला, तरी ज्या माहितीत तो बुडतो ती निःपक्षपाती नसते.

मग प्रामाणिकपणे ही कला करणे अशक्यच आहे काय? ह्या ठिकाणी विल्यम सायबर्न ह्या इंग्रज अधिकाऱ्याची आठवण केल्यावाचून राहवत नाही. वॉटर्लूच्या रणभूमीची मोठी प्रतिकृती तयार करण्याचे काम त्यास १८३० साली सांगण्यात आले. रणभूमीच्या मध्यभागी असलेल्या ला हे सांत ह्या शेतवाडीत आठ महिने राहून त्याने जमिनीचे मोजमाप केले. लढाईत हजर असलेल्या, हयात अधिकाऱ्यांना त्याने पत्रे धाडली, आणि संध्याकाळी सातच्या सुमारास आपण नेमके कोठे होता, पुढे कोण होते, शेतात पीक कोणते होते, असे प्रश्न विचारले. शेकडो उत्तरे आली. त्यांच्या आधारे सत्तर हजारांहून अधिक कथलाच्या चिमुकल्या आकृती त्याने मांडल्या. १८३८ साली ही प्रतिकृती लंडनात प्रदर्शित झाली व लोकांनी गर्दी करून ती पाहिली.

परंतु एक अडचण होती. पुराव्यावरून सायबर्नने प्रशियन सैन्य जेथे व जितके दाखविले होते, ते ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या निवेदनाशी जुळत नव्हते. प्रशियन लोक त्या घटकेस इतके पुढे आले होते असे मानले, तर विजयाचे श्रेय वाटून द्यावे लागत होते. सरकारने पैशाची मदत पूर्वीच थांबविली होती. सायबर्न कर्जात बुडाला होता. शेवटी त्याने प्रशियन सैन्याच्या हजारो आकृती प्रतिकृतीवरून उचलून घेतल्या. ती प्रतिकृती आजही लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे. एखाद्या पुढाऱ्याने इतिहास खोडला म्हणजे आपण संतापतो. येथे कथलाची खेळणी उचलली गेली एवढेच. पण ज्या अर्थी ती उचलावीत असे देशातील सर्वांत बलाढ्य पुरुषाच्या पक्षास वाटले, त्या अर्थी ती नुसती खेळणी नव्हती. चिमुकल्या आकृतीतही खरे आणि खोटे असते, आणि त्या खऱ्याची किंमत कोणाला तरी द्यावी लागते. सायबर्नचा शेवटचा मोह पाहून त्यास हसणे सोपे आहे. त्यास आलेली ती पत्रे मात्र जपून राहिली, आणि १८९१ साली त्याच्या मुलाने त्यांतील पुष्कळशी छापून काढली, हेही विसरता कामा नये.

म्हणून आमचे मत असे आहे की, युद्धाचा खेळ करणे हे पाप नव्हे. परंतु तो करणाऱ्यावर एक ऋण चढते. डगल्याची छटा शोधण्यासाठी जितके श्रम घेतले, तितके श्रम त्या डगल्यातील माणसाचे पुढे काय झाले, आणि त्याने दुसऱ्याचे काय केले, हे जाणण्यासाठी घेतले पाहिजेत. ह्याची कसोटी हिटलरच्या काळ्या गणवेशातील दलांसंबंधी लागते. तो गणवेश मुद्दाम रुबाबदार केलेला होता, आणि तो रंगविणाऱ्यास त्याचा मोह पडतो. दुसऱ्या महायुद्धाची लढाई मांडावयाची तर ते सैन्य मेजावर यावेच लागेल. पण त्याच गणवेशाखाली छळछावण्या चालविल्या गेल्या, हे ज्याला ऐकणेही नको असते, त्याने रंग शिकला, इतिहास शिकला नाही.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी हा प्रश्न निराळ्या रूपाने दरवर्षी येतो. दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, बाजारातून रंगीत मावळे आणतात; दरवाजापेक्षा पहारेकरी उंच असला तरी कोणाचे बिघडत नाही. आता शहरांतून काही तरुण वर वर्णिलेल्या पाश्चात्त्य पद्धतीने सैन्ये रंगवू लागले तर आईबापांनी काय करावे? कुंचला हिसकावून घेऊ नये. 'वा, काय सुरेख!' एवढेच म्हणून निघूनही जाऊ नये. जवळ बसावे, त्यांतला एक शिपाई हाती घ्यावा आणि विचारावे: हा कोण होता, कोणत्या गावचा, कोणी ह्याला येथे आणले, आणि संध्याकाळी ह्याचे काय झाले? मुलास पहिल्या दिवशी उत्तर देता येणार नाही. दुसऱ्या दिवशी तो पुस्तक उघडील. आणि पुस्तकातही उत्तर नाही असे त्यास आढळले, तर इतिहासात किती माणसांची जागा रिकामी आहे, हे त्यास प्रथमच कळेल. मग त्याने तो शिपाई खुशाल मेजावर मांडावा.