कच्च्या लिंबाची जागा

सतत घरात बसून राहणारं मूल आळशी आहे, हे आपण फार लवकर ठरवून टाकतो. मला ते पटत नाही. अशा बऱ्याच मुलांना खरी धास्ती असते ती चारचौघांत मागे पडण्याची. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी म्हणते. संघटनेच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढी हालचाल करत नव्हती. इतकी सगळी मुलं आळशी कशी असतील?

शाळेतला पीटीचा तास आठवून पाहा. खेळ बाद करण्याचा असला की सर्वांत हळू पळणारा सर्वांत आधी बाद होतो आणि डाव संपेपर्यंत कडेला बसतो. ज्याला पळण्याची गरज जास्त, त्याच्याच वाट्याला पळणं कमी!

आपल्या गल्लीतल्या खेळांनी यावर केव्हाच तोड काढली होती. साखळीत जो पकडला जातो तो साखळीला जोडला जातो आणि पळतच राहतो. विषामृतात बसलेल्या गड्याला कुणीतरी अमृत देऊन उठवतं. कबड्डीतही समोरचा गडी बाद झाला की आपला बाद गडी पुन्हा आत येतो. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे कच्चा लिंबू. लहान किंवा नवखं पोर सगळ्यांबरोबर पळतं, ओरडतं, पकडलं जातं. पण त्याच्यावर राज्य येत नाही. मोठ्यांनी न शिकवता मुलांनीच चालवलेली ही रीत मला फार शहाणी वाटते. त्यात दयेचा सूर नसतो. काही दिवसांनी तेच पोर हट्ट धरतं, की आता मला खरं खेळायला घ्या. आपण ज्याला प्रेरणा म्हणतो ती अशी येते, आतून.

घरी आपण नेमकं उलटं करतो. वजनावरून बोलतो, शेजारच्या मुलाचे दाखले देतो, शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावतो. मग अंग हलवणं म्हणजे अपमान, हे मुलाच्या मनात पक्कं बसतं. त्यापेक्षा बाबांनी किंवा आईने स्वतःवर राज्य घ्यावं, मुलाला पकडायला धावावं. आजीबरोबर मंडईपर्यंत चालत जाणं, सायकलवरून दूध आणणं, हेही मोजावं. मात्र थोडं चाललं तरी धाप लागत असेल, छातीत घरघर होत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं. दमा किंवा रक्तक्षय असलेल्या मुलाला आळशी म्हणणं हा अन्याय आहे.

जागेचा प्रश्न मात्र एकट्या घराने सुटणारा नाही. सोसायटीच्या आवारात गाड्यांना चेंडू लागतो म्हणून खेळ बंद होतात. संध्याकाळचा एक तास आवाराचा एक कोपरा गाड्यांविना मोकळा राहील, असा ठराव पालकांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडावा. आणि तिथे खेळणाऱ्या मोठ्या मुलांना एवढंच सांगावं, की नवं पोर आलं तर त्याला कच्चा लिंबू म्हणून घ्या.