बरोबर उत्तर म्हणजे ज्ञान का?



प्रश्नमंजुषा आता आपल्या सर्वांच्या परिचयाची झाली आहे. शाळेचे स्नेहसंमेलन असो, युवकांचे शिबिर असो वा बायबल सप्ताह असो, अ, ब, क, ड असे चार पर्याय आणि घड्याळाची टिकटिक आली की सभागृह जागे होते. प्रवचनाच्या वेळी डुलक्या घेणारी मुलेही मान उंचावून बसतात, हे आपण गमतीने म्हणतो, पण ते खोटे नाही. ‘कळसूबाईचे शिखर किती मीटर उंच आहे?’ ‘ज्ञानेश्वरी कोणत्या गावी सांगितली गेली?’ ‘अहिल्यादेवी होळकरांचा जन्म कोठे झाला?’ १६४६ मीटर, नेवासे, चौंडी. टाळ्या होतात, गुण मिळतात, आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

या आनंदात काही वाईट नाही. तरीही एक प्रश्न उरतो आणि तो फळ्यावर कधी लिहिला जात नाही. बरोबर उत्तर आले म्हणजे आपल्याला नेमके काय आले? ज्याला उत्तर आले तो हुशार आणि ज्याला आले नाही तो ढ, असे आपण नकळत ठरवून टाकतो. घराघरांत मुलांची किंमत अशाच उत्तरांवर होऊ लागली आहे. म्हणून हा प्रश्न थोडा थांबून विचारात घ्यायला हवा.

चार पर्यायांची ही पद्धत फार जुनी नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञाने १९१५ च्या सुमारास मुलांच्या वाचनाची चाचणी अशा रीतीने तयार केली. हेतू चांगला होता. एकच पेपर दोन शिक्षकांनी तपासला तर गुण वेगवेगळे पडत. तपासणाऱ्याची मर्जी, त्याचा कंटाळा, मुलाचे अक्षर, या सर्वांचा परिणाम होई. उत्तर ठरलेले असले की तपासणाऱ्याच्या लहरीला वाव उरत नाही, वेळही वाचतो. म्हणजे या पद्धतीच्या मुळाशी न्यायाची इच्छा होती, हे विसरू नये.

आपल्याकडे तिला घराघरांत नेले ते ३ जुलै २००० रोजी सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’ने. पुढे २०१३ मध्ये तो खेळ मराठीतही आला. त्या खेळातील एक मराठी बाई आपल्याला आठवत असतील. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवत. महिन्याला दीड हजार रुपये मिळत. २०१९ मध्ये त्यांनी एक कोटी रुपये जिंकले. मात्र आम्हाला त्यांचे खरे शहाणपण दिसते ते त्यानंतरच्या क्षणात. सात कोटींचा प्रश्न समोर आला तेव्हा त्या थांबल्या. खात्री नसताना उत्तर ठोकले असते आणि चुकले असते, तर मिळालेल्यातले बहुतेक गेले असते. चार पर्याय डोळ्यांसमोर लखलखत असताना ‘हे मला माहीत नाही’ असे म्हणता येणे, हेही ज्ञानच नव्हे काय?

कारण चार पर्यायांचा एक मोह असतो. उत्तर समोरच लिहिलेले असते, फक्त बोट ठेवायचे असते. साठ प्रश्नांवर डोळे मिटून बोट ठेवले तरी सरासरीने पंधरा बरोबर येतील. म्हणून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत प्रत्येक चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण वजा करतात. हिशेब करून पाहा. चार प्रश्नांची उत्तरे नुसती अंदाजाने दिली तर सरासरी एक बरोबर येतो, एक गुण मिळतो. तीन चुकतात, प्रत्येकी एक तृतीयांश, म्हणजे एक गुण जातो. हाती शून्य. अंदाजाची किंमत शून्य ठेवायला परीक्षकांनाही नियम करावा लागला. आयुष्यात असा नियम कोणी लावत नाही. तेथे आपण शेजाऱ्याच्या चारित्र्याबद्दल, दुसऱ्या समाजाबद्दल, कोणाच्या मुलीच्या वागण्याबद्दल खुशाल अंदाज ठोकतो आणि त्याला ‘आम्हाला सगळे ठाऊक आहे’ असे म्हणतो. वजा गुण मात्र दुसऱ्याच्या खात्यात पडतात.

आपल्या जिल्ह्यातील कितीतरी मुले-मुली पुण्यात खोल्या घेऊन लोकसेवा आयोगाची तयारी करतात. २०२३ च्या आरंभी पुण्यात त्यांनी मोठे आंदोलन केले ते याच विषयावर. राज्यसेवेची मुख्य परीक्षा बहुपर्यायी न ठेवता लेखी, सविस्तर उत्तरांची करायचे आयोगाने ठरवले होते. मुलांचे म्हणणे होते की आम्ही वर्षानुवर्षे एका पद्धतीने तयारी केली, आता एकाएकी बदल नको. शेवटी तो बदल २०२५ पर्यंत पुढे ढकलण्यात आला. दोन्ही बाजूंत तथ्य होते. बहुपर्यायी पेपर तपासणाऱ्या यंत्राला खेड्यातल्या शाळेचे नाव दिसत नाही, आडनावही दिसत नाही. गरिबाच्या मुलाला हा मोठा आधार वाटतो. उलट, उद्या तहसीलदार होणाऱ्या माणसासमोर दुष्काळात चारा छावणी मागायला आलेला शेतकरी चार पर्याय घेऊन येत नाही. तेथे प्रश्न काय आहे हेच आधी समजून घ्यावे लागते. ज्याला केवळ ओळखता येते, पण मांडता येत नाही, तो तेथे अडतो.

तर मग माहिती कुचकामी आहे का? तसे आम्ही मुळीच म्हणत नाही. एक उदाहरण घेऊ. ‘पंडित नेहरूंनी डिस्कव्हरी ऑफ इंडिया हा ग्रंथ कोणत्या बंदिवासात लिहिला?’ पर्याय क, अहमदनगरचा भुईकोट किल्ला. उत्तर आले, संपले. परंतु जो तेथेच थांबत नाही, तो विचारतो की आणखी कोण होते तेथे? मग त्याला कळते की १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे मोठमोठे पुढारी या किल्ल्यात आणले गेले. त्यांत सरदार पटेल होते, आचार्य नरेंद्र देव होते, मौलाना आझाद होते. १९४३ मध्ये मौलानांच्या पत्नी दूर कोलकात्यात वारल्या, तेव्हा ते याच भिंतींआड कैदेत होते. आता ‘पर्याय क’ हा नुसता पर्याय राहिला नाही. त्या रस्त्याने बसने जाताना किल्ल्याकडे पाहण्याची आपली नजर बदलते. माहिती ही दाराची कडी आहे. कडी काढून आत गेलो तर घर आहे. कडीच मोजत बसलो तर बाहेरच राहिलो.

दुसरी गोष्ट अशी की उत्तरे बदलतात. ग्रह किती? २००६ पर्यंत नऊ, नंतर आठ. महाराष्ट्रातील जिल्हे किती? २०१४ मध्ये पालघर झाला आणि पस्तीसचे छत्तीस झाले. आपल्या जिल्ह्याचे नाव? २०२४ पासून अहिल्यानगर. पोप कोण? मे २०२५ पासून लिओ चौदावे. ज्याने जुने पुस्तक पाठ केले, तो काल हुशार होता आणि आज चुकला. शिवाय आपल्याला ‘माहीत’ असलेल्या बहुतेक गोष्टी आपण स्वतः कोठे पाहिल्या आहेत? कळसूबाईची उंची आपण मोजली नाही. कोणीतरी यंत्र घेऊन मोजली, कोणी लिहिली, कोणा गुरुजींनी शिकवली. आपले ज्ञान म्हणजे पुष्कळ अनोळखी माणसांच्या प्रामाणिकपणावर ठेवलेला विश्वास आहे. म्हणूनच ज्याला खूप माहिती आहे त्याने ताठ व्हायचे कारण नाही. तो फार मोठा ऋणको आहे.

तिसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. आपण ‘सामान्य ज्ञान’ म्हणतो ते कोणाला सामान्य? अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान वाणांचे बी जपले, घरात बियाणे बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आता सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात प्रश्न असतो, ‘बीजमाता म्हणून कोणाला ओळखतात?’ मुले झटकन उत्तर देतात. पण वालाचे कोणते बी कोणत्या जमिनीत धरते, बियाला कीड लागू नये म्हणून राख कशी लावावी, हे विचारले तर उत्तर देणारी मुले गप्प आणि मागच्या बाकावर बसलेली आजी बोलू लागेल. त्या आजीला आपण वर्षानुवर्षे ‘अडाणी’ म्हणत आलो. पद्मश्री मिळेपर्यंत तिचे ज्ञान आपल्या प्रश्नपत्रिकेत नव्हते, एवढाच काय तो फरक. उत्तर देणाऱ्याची परीक्षा सगळेच घेतात, प्रश्न काढणाऱ्याची कोणी घेत नाही. काय विचारायचे हे जो ठरवतो, तोच कोण शहाणा आणि कोण अडाणी हेही ठरवून टाकतो.

बायबल प्रश्नमंजुषेलाही हेच लागू पडते. शुभवर्तमानात पाहिले तर प्रभू येशू स्वतः प्रश्न विचारण्यात फार तरबेज होता. फिलिप्पाच्या कैसरियात त्याने शिष्यांना विचारले की लोक मला कोण म्हणतात? शिष्यांनी चक्क पर्याय दिले. बाप्तिस्मा करणारा योहान, एलीया, यिर्मया किंवा संदेष्ट्यांपैकी कोणी एक. तेव्हा त्याने ते पर्याय बाजूला सारले आणि विचारले की तुमचे स्वतःचे म्हणणे काय? पेत्राने अचूक उत्तर दिले. पण तोच पेत्र अटकेच्या रात्री अंगणात शेकोटीजवळ उभा होता, तेव्हा त्याला तीनदा विचारले गेले आणि तीनदा त्याने ‘मी त्या माणसाला ओळखत नाही’ असे सांगितले. उत्तर तेच होते, पण आता त्याची किंमत द्यावी लागणार होती. बबिताताईंचे ‘माहीत नाही’ प्रामाणिक होते, पेत्राचे भीतीपोटी आलेले होते. शब्द जवळजवळ सारखे, माणूस मात्र दोन्हीकडे वेगळा उभा आहे.

आणि तो शास्त्री आठवा, ज्याने विचारले की माझा शेजारी कोण? गोष्ट सांगून झाल्यावर येशूने त्याच्यापुढे तीन पर्याय ठेवले. याजक, लेवी की शोमरोनी, या तिघांपैकी जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? शास्त्र्याने बरोबर उत्तर दिले. त्याआधी सर्वांत मोठ्या आज्ञेविषयीचे उत्तरही त्याचे बरोबरच होते. दोनपैकी दोन गुण! तरी येशूने त्याला बक्षीस दिले नाही. तूही जाऊन तसेच कर, एवढेच सांगितले. आमच्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. जे ज्ञान वागण्यात उतरायला हवे, त्यात बरोबर उत्तर हा शेवट नसतो, तो आरंभ असतो. कळसूबाईच्या उंचीने आपल्यावर काही बंधन येत नाही. ‘शेजारी कोण’ याच्या उत्तराने येते. म्हणून त्या उत्तराला टाळ्या वाजवून पुढच्या प्रश्नाकडे वळता येत नाही.

तर मग काय करावे? प्रश्नमंजुषा बंद करा असे आम्ही सुचवत नाही, उलट आणखी भरवा. फक्त संघ करताना एक आजोबा, एक शाळकरी मुलगी, एक शेतमजूर बाई आणि एक कॉलेजचा मुलगा असे एकत्र बसवून पाहा. पाचातला एक प्रश्न वयस्कर मंडळींना काढू द्या, मग कोणत्या नक्षत्रात बाजरी पेरावी हेही सामान्य ज्ञान ठरेल. मोबाईल पिशवीत राहू द्या. ‘आम्हाला माहीत नाही’ असे सरळ सांगणाऱ्या संघाला हसू नका, शक्य असल्यास अर्धा गुण द्या. बरोबर उत्तर आल्यावर सूत्रसंचालकाने त्यामागची गोष्ट दोन वाक्यांत सांगावी. आणि घरी आल्यावर आई-वडिलांनी ‘किती गुण मिळाले?’ याआधी ‘आज नवीन काय कळले?’ हे विचारावे.

हातातल्या मोबाईलला आता कोणत्याही पाठ केलेल्या माणसापेक्षा अधिक उत्तरे येतात. केवळ उत्तरांवरच माणसाची किंमत करायची तर आपण सगळेच हरलो. पण एखाद्या उत्तरामुळे थबकणे, त्याचे ऋण मानणे आणि त्याप्रमाणे वागणे हे अजून माणसाकडेच आहे. आपली मुले तेवढे शिकली, तर एखाद्या प्रश्नाला त्यांनी चुकीचा पर्याय निवडला म्हणून आपण फार वाईट वाटून घेऊ नये.