संकल्पात मासा नाही

पूजेला बसलं की गुरुजी आधी पत्ता सांगतात. कल्प, मन्वंतर, युग, मग द्वीप, मग देश आणि शेवटी नदी. वर्ध्याचा यजमान गोदावरीच्या उत्तर तीरावर बसला आहे असं धरलं जातं. माझे वडील सेलू तालुक्यातल्या चार-सहा गावांची भिक्षुकी सांभाळत. त्यांच्या तोंडून हे ऐकताना मला वाटायचं, गोदावरी कुठं आणि आपण कुठं! पुढं मी पाण्याच्या खात्यात शाखा अभियंता म्हणून लागलो, खोऱ्यांचे नकाशे टेबलावर पसरले, तेव्हा पटलं की भटजींचा पत्ता पक्का होता. आमची धाम नदी वणेला मिळते, वणा वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. वडिलांनी खोऱ्याचा नकाशा कधी पाहिला नाही, पण संकल्प सोडताना ते खोऱ्यातच बसत होते.

पत्त्यानंतर तिथी, वार, नक्षत्र. मग यजमानाचं नाव-गोत्र, मग हे सगळं कशासाठी ते. तिथं मोघम चालत नाही. सत्यनारायण तर सत्यनारायण, वास्तुशांत तर वास्तुशांत. एवढं झालं की पळीभर पाणी तळहातावरून ताम्हनात सोडायचं. पूजा आटोपली की पुन्हा एकदा पाणी सोडायचं, पण या वेळी म्हणायचं, हे माझं नाही. आधी इतकी काटेकोर मागणी आणि शेवटी तिच्यावरचा हक्कच सोडायचा! निवृत्तीनंतर या दोन पळ्यांचा विचार मी फार करू लागलो. त्याला निमित्त धाम नदी.

येळाकेळी ते पवनार या पट्ट्यात मासे, कासवं, पाणपक्षी पुन्हा दिसावेत म्हणून आम्ही काही जण जमतो. त्यात शिक्षक आहेत, पक्षी पाहणारी तरुण मुलं आहेत, शेतकरी आहेत, पवनारकडचे एक भोई काका आहेत. आयुष्यभर अंदाजपत्रकं लिहिलेला माणूस म्हणून उद्दिष्टांचा कागद माझ्याकडे आला. पवनारच्या विनोबांच्या आश्रमाशी जुना संबंध असलेले एक स्नेही लगेच म्हणाले, "काम करा की. आकडे कशाला? आकडा आला की फळाची ओढ आली."

हा आक्षेप वर्ध्यात हसण्यावारी नेता येत नाही. विनोबा १९३८ मध्ये राहायला आले ते याच धामेच्या काठी. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर दिलेली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेली प्रवचनं आमच्याकडे पंचांगाइतकी सहज घरात सापडतात. गांधींच्या अस्थी १२ फेब्रुवारी १९४८ ला इथंच पाण्यात सोडल्या. अशा नदीकाठी बसून 'अमुक सालापर्यंत अमुक मासे' असं लिहायला हात जरा अडखळतोच.

मी त्यांना विनोबांचाच दाखला दिला. १९५१ मध्ये पोचमपल्लीला पहिलं दान मिळालं आणि पुढं भूदानाचा आकडा ठरला, पाच कोटी एकर. तो हवेतून काढलेला नव्हता. लागवडीची जमीन तीस कोटी एकर धरली, घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, म्हणून सहावा हिस्सा. हाती आली ती त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आतबाहेर, आणि त्यातलीही पुष्कळशी वाटली गेली नाही. तरी एवढा आकडा धरला म्हणून विनोबांना फलासक्त कोण म्हणेल? त्या आकड्याच्या पोटात नातं होतं. स्नेही मात्र ऐकणारे नव्हते. "म्हणूनच तर भूदान शेवटी आकड्यात अडकलं," म्हणाले. त्यांचं म्हणणं अगदीच खोडून काढता येईल असं मला वाटत नाही.

पण माझा जन्म ज्या कागदांत गेला त्यांनी मला निराळं शिकवलं. ज्याला रकाना नसतो ते नदीतून जातं. आमच्या कागदात पाणी दलघमीत होतं, सिंचन हेक्टरात, गाळ घनमीटरात. मरळीला रकाना नव्हता. नाल्याचं खोलीकरण करताना यंत्र दोन्ही काठ उभे कापतं. काठाची उथळ कड, पाण्यातलं गवत, मुळांच्या कपारी, सगळं ट्रॉलीत जातं. मरळ नेमकी तिथंच, गवतात जागा साफ करून अंडी घालते. काम मापात बसतं, बिल निघतं, आणि या सगळ्यात कोणी खोटं बोललेलं नसतं. उन्हाळ्यात धाम वाहते तीही महाकाळीच्या धरणातून शहरासाठी पाणी सोडतात म्हणून. येळाकेळीला आणि पवनारला ते उचललं जातं. आवर्तन असलं की नदी, नसलं की डबकी. शहराच्या तहानेला मी नावं ठेवत नाही. तेच पाणी पितो.

आकडा कशाचा, हा खरा प्रश्न. अमेरिकेत कोलंबिया नदीच्या खोऱ्यासाठी १९८० च्या कायद्यानं एक परिषद नेमली गेली. पूर्वी दरसाल एक कोटी ते एक कोटी साठ लाखांच्या घरात सामन आणि त्याच्या जातीचे मासे समुद्रातून नदीत चढत, असा तिनं अंदाज बांधला. तेव्हा उरले होते पंचवीस लाख, म्हणून दुप्पट, पन्नास लाख, हे उद्दिष्ट धरलं. पुढं त्याला २०२५ ची मुदत घातली. ती उलटली, आकडा गाठला गेला नाही, आणि चढणाऱ्यांत बहुतेक मासे उबवणी केंद्रांत वाढवलेले. नुसती संख्या मागितली की ती हौदातूनही भरता येते. आपल्याकडे कोणी 'इतके टन' एवढंच लिहिलं तर तिलापिया एकटा तो आकडा गाठून देईल आणि नदी होती तशीच राहील.

त्याच खोऱ्यातल्या उमाटिला जमातींची रीत मला जास्त पटते. त्यांच्या विधीच्या पंगतीत वाढायचा क्रम ठरलेला आहे. आधी पाणी, मग सामन, मग हरीण, मग एक कंद, शेवटी रानातली बोरासारखी फळं. नदीचं धोरण लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी हाच क्रम समोर ठेवला. पानात जे यायला हवं ते खोऱ्यात जगायला हवं. म्हणजे उद्दिष्ट नवं ठरवायला नकोच, ते पूजेतच होतं.

म्हणून मी आमच्या पूजेकडे पुन्हा पाहिलं. वडिलांच्या संकल्पात यजमानाच्या नावामागून कुटुंब येई, परिवार येई, आणि त्यांच्यासोबत दोन पायांचे आणि चार पायांचे. गाय-बैल धरून सगळ्यांचं क्षेम मागितलं जाई. बिनपायाचे राहिले! शास्त्री सांगतील की ही यादी लक्षणेनं घ्यायची, सर्व जीव त्यात आले. असतील. पण ज्यांचा पहिला अवतारच मासा, त्यांच्या रोजच्या मागणीत मासा लक्षणेनं यावा, हे मला काही रुचत नाही.

मासा यादीत घ्यायचा ठरवला की दुसरा पेच उभा राहतो. घ्यायचा तो कोणासाठी? बैठकीतले निम्मे शाकाहारी. त्यांचं म्हणणं, मासेमारी बंद करा म्हणजे मासे आपोआप वाढतील. यावर काका म्हणाले, "मच्छी वाढवाची अन् धराची नाई, तं मंग आमी का नदीची आरती कराची?"

सगळे हसले, मीही हसलो, पण प्रश्न अहिंसेचा आहे आणि सोपा नाही. इथं मला मगनवाडीच्या जे. सी. कुमारप्पांचा आधार वाटतो. 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या १९४५ च्या पुस्तकात त्यांनी निसर्गातल्या व्यवहारांच्या पाच पायऱ्या लावल्या. ज्याच्यावर जगायचं त्यालाच संपवणारा परजीवी व्यवहार, काही न देता उचलणारा लुटारू, कष्टून मिळवणारा उद्यमी, समूहासाठी झटणारा, आणि सगळ्यात वर परतफेडीची अपेक्षा नसलेली सेवा. पायरी ठरते ती घेणारा परत काय देतो यावरून. ब्लीचिंग टाकून किंवा विजेची तार सोडून मासे मारणारा तळाला. भोई काकांचं तसं नाही. मरळीच्या पिल्लांचा लालसर घोळका पाण्यावर दिसला की खाली जोडी राखण करत असते, तेव्हा ते तिथं गळ टाकत नाहीत. दोन मासे मिळतील आणि सगळी पिल्लं जातील, एवढा त्यांचा हिशेब. त्याला ते अहिंसा म्हणत नाहीत. मी उभ्या आयुष्यात एकही मासा मारलेला नाही, पण माझ्या न्हाणीघरासाठी डोह उपसला जातो. मला कुमारप्पांनी कोणत्या पायरीवर बसवलं असतं, हे मी बैठकीत विचारलं. उत्तर कोणी दिलं नाही. बरं झालं.

महाडकडे काळ नदीत वाळण कोंडीचा डोह आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे, म्हणून त्यांना कोणी धरत नाही. मला त्यातली मोजकी मागणी आवडते. डोह ठरलेला, मनाई ठरलेली, बाकी नदीत ज्याचा धंदा तो करील. आमचं भांडण त्यावरच मिटलं. आश्रमाखालचा डोह देवाचा, उरलेला पट्टा भोयांचा.

आणि यादी कोणाच्या तोंडून घ्यायची, याचा धडा शेजारच्या वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या मालगुजारी तलावांत मनीष राजनकर आणि तिथल्या ढिवर लोकांनी मिळून काम केलं. आधी माहितगारांकडून कोणते मासे, कोणत्या पाणवनस्पती होत्या ते समजून घेतलं. मग बेशरमाची झुडपं उपटली, पावसाआधी तलावाचा तळ नांगरला, देशी वनस्पती लावल्या. बोटुकली विकत आणून सोडण्याआधी मासा राहील कुठं, खाईल काय, हे पाहिलं. अभियंता असून मला हे कोणी शिकवलं नव्हतं. (अभियंत्याला बरंच काही शिकवत नाहीत.)

'चला जाणूया नदीला' हे राज्याचं अभियान २ ऑक्टोबर २०२२ ला सेवाग्रामातूनच सुरू झालं. जाणणं झालं असेल तर आता मागावं, म्हणून मी कागद संकल्पाच्या क्रमानं लिहिला. पत्ता, येळाकेळी ते पवनार. काळ, मे महिना, कारण पावसाळ्यात कोणतीही नदी पास होते. कशासाठी, तर दोन आवर्तनांच्या मधल्या दिवसांतही ठरलेल्या डोहांत मरळ आणि वाम जगेल एवढं पाणी. एका काठाच्या उथळ कडेला यंत्र लागणार नाही. टिटवीनं अंडी घातलेल्या वाळूला उन्हाळ्यात हात लागणार नाही. बंधाऱ्याचे बरगे पहिल्या पुराआधी निघालेले असतील, म्हणजे चढणीच्या माशांना वाट राहील. कुटुंबात बिनपायाचे धरले. हे कोणी केलं, हा रकाना ठेवला नाही. ती शेवटची पळी.

स्नेह्यांना तो नसलेला रकाना फार आवडला, पण 'डोहात किती मरळ' ही ओळ त्यांनी पेन्सिलीनं खोडली. मी ती पुन्हा लिहिली. जाळं न टाकता मोजायच्या कशा, यावर मुलांनी पाण्याखालच्या कॅमेऱ्याचा भाव काढला. तेव्हा काका म्हणाले, "आकडा मी सांगतो. मरळ हवा घ्याले वर येते का नाई? डोहाच्या काठी बसाचं, बिडी पेटवाची. बिडी संपेपर्यंत दोनदा तोंड काढून गेली पायजे. नाई गेली तं डोह मेला समजाचं."

ते माप कागदात घेतलं आहे. आता वाद आहे तो बिडी किती मिनिटं जळते याचा. बैठकीत बिडी ओढणारे एकटे काका, आणि स्नेही म्हणतात त्यांना सोडायला लावायची.